बोरीची पावडर गेली कुठे?

परभणीहून जिंतूरला जाताना वाटेत आमचे बोरी गाव लागते. तिथले जुने घर आता वर्षातून एकदाच, दिवाळीच्या तोंडावर, उघडले जाते. गेल्या वर्षी असेच ते उघडले, झाडलोट सुरू झाली आणि बळदाच्या तळाशी एक पत्र्याचा डबा सापडला. (ज्या वाचकांचा जन्म फ्लॅटमध्ये झाला त्यांच्यासाठी सांगतो : बळद म्हणजे भिंतीतच बांधून काढलेली धान्याची कोठी.) झाकण गंजून घट्ट बसले होते. ते उलथन्याने उचकटले मात्र, एक कुबट वास सबंध माजघरात पसरला आणि आम्हा साठी उलटलेल्या भावंडांच्या तोंडून एकदमच उद्गार निघाला, "बी.एच.सी.!"

डबा अर्ध्याहून अधिक भरलेला होता. ही मळकट पांढरी पावडर आमच्या लहानपणी कुठे नव्हती? कपाशीवर होती, ज्वारीवर होती, मुंग्यांच्या वारुळात होती, ढेकणांनी भरलेल्या बाजेत होती. हिवतापाचे फवारणीवाले येत ते डी.डी.टी. घेऊन, भिंती फवारून झाल्या की दाराशेजारी तारीख लिहून जात. शेतात मात्र राज्य बी.एच.सी.चे. फडक्याची पुरचुंडी करायची, तीत पावडर भरायची आणि कपाशीच्या ओळींतून ती झटकत जायचे. संध्याकाळी घरी परतणारा माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसे. नाकाला फडके बांधणाऱ्याला लोक हसत.

पुण्याहून आलेली माझी पुतणी हे सारे ऐकत होती. तिने विचारले, "काका, दर वर्षी पोत्यांनी पावडर टाकत होता, तर ती सगळी गेली कुठे?"

"कुठे म्हणजे? उडून गेली असेल."

"उडून कुठे?"

यावर मी गप्प झालो. ओट्यावर शेजारचे आबा बसले होते, वय ऐंशीच्या पुढे. ते म्हणाले, "माय, पावडर मारायच्या आधी वारं बघायचो आम्ही. वारं पाठीकून असलं तरच मारायचं. निम्मी झाडाला, निम्मी वाऱ्याला."

मुंबईला परतल्यावर पुतणीचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. त्यासाठी पुस्तके चाळली, जाणत्यांना गाठले, आणि ध्यानात आले की आबांचा हिशेब फारसा चुकलेला नाही; चुकलाच असेल तर वाऱ्याचा वाटा त्यांनी कमी धरला. जपानच्या एहिमे विद्यापीठातील तानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील वेल्लार नदीच्या खोऱ्यात भातशेतीवर याच पावडरीचा माग काढला होता. १९९१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेतात टाकलेल्या विषापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हवेत गेले होते. नदीवाटे समुद्रात पोहोचले ते एक टक्काही नव्हते. आपल्याकडचे ऊन, आपल्याकडचा पाऊस आणि उबदार ओली जमीन यांनी शेताचे जणू आधण ठेवले होते, आणि विष वाफ होऊन वर जात होते.

ही पावडर मुळात कशी जन्मली, हेही मोठे गमतीचे आहे. विजेच्या शोधांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८२५ साली बेंझीन शोधून काढले आणि त्याच वर्षी उन्हात त्यावर क्लोरीनचा प्रयोग करून हा पदार्थ बनवला. तो किडे मारतो हे त्यांच्या गावीही नव्हते. पुढे १९१२ साली व्हॅन डर लिंडन या डच रसायनशास्त्रज्ञाने त्यातील निरनिराळे प्रकार वेगळे केले. किडे मारण्याचा गुण यांपैकी फक्त एकात, गॅमा नावाच्या प्रकारात आहे. त्यालाच लिंडनसाहेबांच्या नावावरून पुढे 'लिंडेन' म्हणू लागले. कारखान्यातून निघणाऱ्या कच्च्या मालात हा गॅमा जेमतेम दहा ते पंधरा टक्के असे. बाकीचे अल्फा, बीटा वगैरे सारे बिनकामाचे, नुसते भारवाही. म्हणजे किडे मारण्यासाठी आम्ही शेरभर औषध वापरीत होतो आणि त्याबरोबर सहा-सात शेर निरुपयोगी विष फुकट उधळीत होतो! आपल्या देशात पन्नासएक वर्षांत ही कच्ची बी.एच.सी. दहा लाख टनांच्या घरात वापरली गेली. बोरीचा डबा त्या ढिगाऱ्यातला एक कण.

आता हवेत गेलेली ही वस्तू पुढे काय करते?

घरातलेच उदाहरण घेऊ. देवघरातला कापूर डबीत उघडा राहिला तर काही दिवसांत नाहीसा होतो. म्हणून तर आजी त्यात मिरे टाकून झाकण घट्ट लावी. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या कपड्यांत झिजत झिजत वाटाण्याएवढ्या होतात. दोन्ही पदार्थ वितळत नाहीत, सरळ हवेत जातात. बी.एच.सी. आणि डी.डी.टी. ही याच कुळातली मंडळी, पण स्वभावाने आळशी. ती कापरासारखी भराभर उडत नाहीत आणि मिठासारखी कायम एका जागीही बसत नाहीत. ऊन तापले की उठायचे, गारवा आला की बसायचे, असा त्यांचा क्रम. दुपारी शेतातून उठलेला कण रात्री दुसऱ्या गावच्या झाडावर मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढची वाट धरतो. शास्त्रज्ञ याला टोळाच्या उड्यांची उपमा देतात. आमच्या टोळांना मारायला निघालेल्या पावडरीने टोळाचीच चाल उचलावी, हा एक विनोदच.

आणि बसायचे कुठे, याबाबत या पावडरीची आवड मोठी ठाम आहे. तिला पाणी आवडत नाही, तिला स्निग्धता आवडते. फ्रिजमध्ये चिरलेल्या कांद्याशेजारी लोण्याची वाटी उघडी ठेवली तर सकाळी लोण्याला कांद्याचा वास लागतो. शेजारच्या पाण्याच्या बाटलीला इतका लागत नाही. तोच हा न्याय. हवेतून फिरणाऱ्या या विषांना जिथे तेल, मेण, चरबी किंवा कुजलेला पाला भेटेल तिथे ती रुतून बसतात.

मेण म्हटल्यावर झाडाचे पान आठवले पाहिजे. प्रत्येक पानावर मेणाचा बारीक थर असतो. जंगल म्हणजे अशा असंख्य मेणकापडांचे वाळवण. वाऱ्याच्या वाटेवर टांगलेले.

इथे बोरीच्या आसपासचा भूगोल थोडा सांगायला हवा. आमच्याकडे 'रान' म्हणजे शेत. जंगल हा शब्द आम्ही क्वचितच वापरतो, कारण परभणी जिल्हा जंगलाच्या बाबतीत राज्यातील अगदी गरीब जिल्ह्यांपैकी. बोरीभोवती सारी सपाट काळी जमीन; कपाशीची, ज्वारीची, अलीकडे सोयाबीनची. उत्तरेला जिंतूर, येलदरी आणि औंढा नागनाथाकडे निघाले की जमीन वर उठू लागते आणि डोंगरांच्या अंगावर सागाची, पळसाची, धावड्याची विरळ झाडी दिसते. पावसाळ्यात वारे पश्चिमेकडून येतात. सागाला नवी पाने फुटतात ती नेमकी याच सुमारास, आणि पान तरी केवढे! पत्रावळीला एकच पुरावे. कपाशीवर पावडर पडण्याचे महिने आणि सागाची पाने ताटासारखी पसरलेली असण्याचे महिने एकच.

पाने हवेतले विष टिपतात ही नुसती कल्पना नाही. जर्मनीतील बायरॉइट येथे हॉर्स्टमन आणि मॅक्लाक्लन या दोघा संशोधकांनी १९९० च्या दशकात जंगलात आणि शेजारच्या मोकळ्या जागेत मापे घेतली. हवेतून जमिनीवर उतरणारी ही टिकाऊ विषे जंगलात मोकळ्या जागेपेक्षा अधिक उतरत होती, आणि रुंद पानांच्या पानझडी झाडांनी सूचिपर्णी झाडांपेक्षा जास्त ओढून घेतली होती. १९९८ साली त्यांनी याला नावच दिले, जंगलाची गाळणी. हवा जंगलातून जाते ती थोडी गाळून. कोळशाच्या शेगडीवरच्या दुधाला धूर लागू नये म्हणून आजी पातेल्यावर ओले फडके टाकायची. धूर फडक्याला लागायचा आणि दूध वाचायचे. फडके मात्र धुवावे लागे.

जंगलाचे फडके कोण धुतो? पानगळीत पान गळते आणि विष घेऊन खाली येते. वाळवी, गांडुळे, बुरशी, जीवाणू पानावर तुटून पडतात. पान खाऊन संपते, पण क्लोरीनने कडेकोट बांधलेली ही विषे बहुतेकांच्या दातांना लागत नाहीत. पाने कुजत जातात, वजनाने घटतात आणि विष तेवढेच राहते. म्हणून कुजलेल्या पाल्याच्या काळ्या थरात ते साठत जाते. २००३ साली मायर आणि सहकाऱ्यांनी जगभरातून, वस्तीपासून दूरच्या १९१ ठिकाणांची माती तपासली. त्यांनी शोधलेली विषे ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पी.सी.बी. वगैरे होती, पण कुळ तेच. माणसाचा वावर नसलेल्या मातीतही ती सापडली, आणि साधारणपणे ज्या मातीत कुजलेला सेंद्रिय अंश जास्त तिथे ती जास्त.

आमच्या बोरीच्या काळ्या जमिनीत हा सेंद्रिय अंश मुळात कमी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, वरचा थर पायाला चटके देतो. ती विष फार काळ धरून ठेवू शकत नाही. त्यातही एक गंमत आहे. कोरडीठाक माती विषाला घट्ट आवळून धरते, पण पहिला पाऊस पडला की पाण्याचे कण त्याला त्याच्या जागेवरून हुसकावतात आणि ते भसकन हवेत निघते. मृगाच्या सरीनंतर शेतातून मातीच्या वासाबरोबर एक कुबट वास येई, तो मला अजून आठवतो. त्याचे कारण कळायला म्हातारपण यावे लागले.

शेत विष सोडते आणि जंगल ते झेलते, इतकेच असते तर गोष्ट इथे संपली असती आणि आपण जंगलाला नमस्कार करून दिवे लावायला गेलो असतो. पण जंगलाची माती ही गंगाजळी नव्हे की एकदा पडले ते पडले. तिचे आणि हवेचे चालू खाते आहे. या व्यवहाराचे मोजमाप करायला शास्त्रज्ञ एक कल्पना वापरतात, एखाद्या वस्तूची पळून जाण्याची ओढ. गिल्बर्ट लुइस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ती १९०१ साली मांडली आणि १९७९ साली टोरंटोच्या डोनाल्ड मॅके यांनी प्रदूषणाला लावली. हवेतल्या विषाची ओढ जास्त असेल तर ते मातीत शिरते. हवा स्वच्छ झाली, किंवा माती तापली, की ओढ उलटते आणि माती परत द्यायला लागते. म्हणजे आपण फवारणी थांबवली, हवा निवळली, की मातीने साठवलेले हळूहळू वर यायचे. सज्जन सावकारासारखे जंगल आपली ठेव परत करते, फक्त ती ठेव आपल्याला नको असते!

हवेत सापडलेले विष ताजे आहे की मातीतून परत आलेले, हे ओळखायचे कसे? कण काही पोस्टाचा शिक्का घेऊन येत नाही. पण एक युक्ती सापडली आहे आणि ती मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुरेख गोष्ट वाटते. अल्फा प्रकारच्या बी.एच.सी.चे कण वहाणांच्या जोडासारखे असतात, काही डाव्या पायाचे, काही उजव्या. कारखान्यात दोन्ही अगदी सारखेच तयार होतात. मातीतले जीवाणू, खायला लागलेच तर, एका पायाची वहाण दुसरीपेक्षा आवडीने खातात. तेव्हा जुन्या मातीत जोड विषम होतो. आता हवेचा नमुना घेऊन पाहावे : डावे-उजवे समान असतील तर माल नवा, विषम असतील तर तो मातीत किंवा पाण्यात मुक्काम करून आला आहे. नागनाथाच्या देवळाबाहेर नुसत्याच डाव्या वहाणा उरलेल्या दिसल्या तर आत काहीतरी घडले आहे हे आपण ओळखतोच की नाही? कॅनडातील टेरी बिडलमन आणि इतरांनी ही परीक्षा हवेला लावली आणि जुने विष परतताना पकडले. आर्क्टिक समुद्राने वर्षानुवर्षे ही बी.एच.सी. हवेतून शोषली होती. चीनने १९८३ साली तिचे उत्पादन थांबवल्यानंतर हवेतले प्रमाण खाली आले आणि १९९० च्या दशकात समुद्र उलट हवेला परत देऊ लागल्याचे दिसले.

आर्क्टिकमध्ये शेती नाही. तरीही टोळाच्या उड्या मारीत विष तिथे पोहोचले, कारण थंडीत बसलेला कण सहसा उठत नाही. उत्तर क्वेबेकमधील इनुइट मातांच्या दुधात पी.सी.बी.चे प्रमाण दक्षिण क्वेबेकच्या मातांपेक्षा सुमारे पाचपट असल्याचे एरिक देवाई यांनी १९८९ साली दाखवले. त्यांनी कारखाना पाहिलेला नाही. त्या मासे आणि सील यांची चरबी खातात, एवढेच. आपल्याकडून निघालेलेही फार लांब जाते. तिबेटच्या आग्नेयेकडील जंगलांत चिनी संशोधकांना हवेतली डी.डी.टी. आणि बी.एच.सी. मान्सूनच्या महिन्यांत वाढलेली आढळली. ज्या वाऱ्याची आपण चातकासारखी वाट पाहतो तोच हिमालय ओलांडताना ही शिदोरी घेऊन जातो.

पण इनुइटांपर्यंत कशाला जा? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ साली १२ राज्यांतील गाई-म्हशींच्या दुधाच्या २,२०५ नमुन्यांचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांतल्या सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डी.डी.टी. होती आणि ३७ टक्क्यांत मर्यादेपेक्षा जास्त. मर्यादा ओलांडणाऱ्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, ७४ टक्के. ज्या दुधाचे पेढे आपण दिवाळीला वाटले ते हे दूध. हवा, गवत, गाय, साय, लोणी : विषाला जी स्निग्धता आवडते तिची ही सरळ पायवाट आहे, आणि तिच्या शेवटी तान्हे मूल आहे. लिंडेनमुळे माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली निःसंदिग्धपणे नोंदवले.

कायदे झाले, नाही असे नाही. शेतीतली डी.डी.टी. १९८९ साली थांबली, कच्ची बी.एच.सी. १९९७ साली, एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने २०११ साली, लिंडेनचा वापर २०१३ साली. अशा टिकाऊ विषांविरुद्धचा स्टॉकहोम करार २००१ साली झाला आणि भारताने तो २००६ साली मान्य केला. हे सारे उत्तम झाले. पण कायद्याने कारखाना बंद होतो. मातीतले खाते त्याने बंद होत नाही.

म्हणून जिंतूरच्या डोंगरातला पालापाचोळा मला आता निराळा दिसू लागला आहे. आमच्या उष्ण प्रदेशात जीवाणू अधिक तत्पर असतात; थंड देशांत जे विष दहा-पंधरा वर्षे जमिनीत पडून राहते ते इथे पुष्कळ लवकर तुटते. ओला, दाट, कुजका पाला असेल तर विष तिथे अडकून पडते आणि जीवाणूंना, सावकाश का होईना, त्याचा समाचार घ्यायला सवड मिळते. मात्र दर उन्हाळ्यात काय होते? मोहाची फुले वेचायला जमीन स्वच्छ हवी, तेंदूला नवी पालवी यावी, गुरांना कोवळे गवत मिळावे, कधी नुसती बिडीची ठिणगी. आणि वणवा लागतो. सागाचा वाळला पाला कागदासारखा पेटतो. त्याबरोबर त्याने धरून ठेवलेले जे काही असेल तेही पुन्हा वाऱ्यावर. २००४ साली अलास्का आणि कॅनडातील जंगले पेटली तेव्हा हजारो मैल दूर, स्वालबार्डच्या झेपेलिन वेधशाळेत हवेतल्या पी.सी.बी.चे आकडे चढले. त्या जंगलांत कोणी ट्रान्सफॉर्मर पुरले नव्हते. अनेक वर्षे पानांनी टिपलेले विष एका उन्हाळ्यात सुटले.

वणव्याविषयी मी आबांना फोनवर विचारले. ते म्हणाले, "डोंगर जळाला तर गवत चांगलं येतं, असं आमचे वडील म्हणायचे." मी त्यांना वहाणांची आणि फडक्याची गोष्ट सांगितली. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे निम्मी वाऱ्याला दिली म्हणत होतो, ती डोंगरानं सांभाळली का?" मी हो म्हणालो. "आन् आपण डोंगर पेटवायलो," ते म्हणाले.

राहिला डबा. पुतणीने प्रथम सुचवले की शेकोटीत टाकावा, तिला आवरले. साध्या आगीत असल्या वस्तू धड जळत नाहीत आणि अर्धवट जळून त्यांची आणखी वाईट भावंडे जन्माला येतात. उकिरड्यावर टाकला तर खतातून पुन्हा शेतात. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत कीटकनाशकांचे डबे हा घरगुती घातक कचरा मानला होता आणि तो वेगळा गोळा करावा असे म्हटले होते. मी एका कार्यालयात फोन केला. त्यांनी दुसरे सुचवले. दुसऱ्यांनी पहिल्याचा नंबर दिला. खेड्यातला एक डबा कोणाच्याच यादीत बसत नव्हता.

शेवटी झाकण पुन्हा घट्ट ठोकले आणि दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून त्याच्या कडेने मेण ओतले. पावडर मेणाला धरून राहते हे तोवर कळले होतेच. डबा काचेच्या मोठ्या बरणीत घालून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच फडताळात, अन्नधान्यापासून दूर ठेवला आहे. बरणीवर पुतणीने चिठ्ठी चिकटवली आहे : 'उघडू नये. हे उडते.' यंदा घर उघडू तेव्हा प्रथम ती बरणी पाहायची आहे, आणि डब्यासाठी तालुक्याच्या गावी पुन्हा एक फेरी मारायची आहे.